तालुक्याच्या गावात रो हाऊस घ्यायचं असेल तर: कागदापासून कूलरच्या खिडकीपर्यंत

आर्वी, हिंगणघाट, वणी, पुसद, दर्यापूर, वरुड, उमरेड, कोणतंही तालुक्याचं गाव घ्या, गावाबाहेरच्या वावरांत लेआउट पडले आणि त्या लेआउटमधे चार-चार सहा-सहा घरांच्या लायनी उभ्या झाल्या. कोणी त्याला रो हाऊस म्हणते कोणी ड्युप्लेक्स, समोर एक गाडी राहील एवढं अंगण, भिंतीला भिंत लागलेली, वर दोन खोल्या. घेणारे कोण तर बदली होऊन आलेले मास्तर, नर्स ताई, बँकेतले, एसटीतले, आणि लेकरांच्या शाळेसाठी खेड्यातून तालुक्याला राहायला आलेले शेतकरी. बहुतेकांचं हे पहिलं आणि एकुलतं घर, त्यात कापसाचे, संत्र्याचे, पीएफचे, घरच्या दागिन्यांचे सगळे पैसे जातात, म्हणून हे एवढं लांब लिहून राहिलो.

माझं एकच सांगणं आहे, क्रम चुकवू नका. लोक आधी टाइल्स पाहतात, पीओपीचं छत पाहतात, मॉड्युलर किचन पाहून बायको-लेकरं खुश होतात, लगेच बयाना देतात आणि कागद मग मागतात. आधी खालच्या जमिनीचे कागद, मग माती आणि पाणी, मग शेजार, आणि भाव-बयाना एकदम शेवटी.

सुरुवात नंबरापासून

घर पाहायला जायच्या आधी दलालाला किंवा लेआउटवाल्याला तीनच गोष्टी विचारा, मौजा कोणता, खसरा नंबर (वऱ्हाडात गट नंबर म्हणतील) किती आणि प्लॉट नंबर किती. हे सांगायला ज्याला चार दिवस लागतात त्याच्याकडे पाचव्या दिवशी जायची गरज नाही.

नंबर मिळाला की भूलेखच्या साइटवर सातबारा फुकटात पाहता येते, फक्त विभाग बरोबर निवडा. यवतमाळ, अकोला, बुलढाणा, वाशिम हे अमरावती विभागात आणि वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली नागपूर विभागात. १५ रुपयात डिजिटल सहीचा सातबारा निघते, तोच काढून ठेवा. त्यात नाव कोणाचं आहे ते तर पाहालच, पण त्याहून जास्त वेळ "भोगवटादार वर्ग" आणि "इतर अधिकार" या दोन ठिकाणी द्या. वर्ग १ असेल तर ठीक. वर्ग २ असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, विकणारा कितीही म्हणो की "होऊन जाते भाऊ". इतर अधिकारात बँकेचा बोजा, सेवा सोसायटीचं कर्ज, कुळाचं नाव, कोर्टाचा स्थगिती आदेश असं काहीही निघू शकते.

दोन गोष्टी आपल्या भागात खास पाहायच्या. एक म्हणजे भूदान. विनोबा पवनारचे, भूदानात मिळालेल्या जमिनी आपल्याकडे गावोगाव आहेत आणि त्या भूमिहीनाला कसायला दिलेल्या, प्लॉट पाडून विकायला नाही. जुन्या फेरफारात (मालकी बदलल्याच्या नोंदीत) कुठं "भूदान" दिसलं की थांबा. दुसरं आदिवासींची जमीन. महसूल कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन गैरआदिवासीला परवानगीशिवाय जात नाही, आणि यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट या पट्ट्यात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. अशी जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते आणि ते योग्यच आहे, फक्त तुम्ही मधात अडकू नका.

गावाच्या सिटी सर्व्हेत घर येत असेल तर सातबारा नाही, आखिव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहायची. नझूलची म्हणजे सरकारनं लीजवर दिलेली जागा असेल तर लीज कधी संपते आणि नूतनीकरण झालं का ते विचारा. आणि ग्रामपंचायत हद्दीत विकणारा जर नमुना ८ चा कागद दाखवून म्हणत असेल की "हे पाहा माझ्या नावानं आहे", तर तो टॅक्स आकारणीचा कागद आहे, नुसत्या त्याच्यावर मालकी सिद्ध होत नाही.

"एनए टीपी आहे" म्हणजे काय ते हातात घेऊन पाहा

बोर्डावर सगळेच लिहितात एनए टीपी, म्हणजे जमीन अकृषक झालेली आणि लेआउट नगर रचनेकडून मंजूर. तुम्ही अकृषक आदेशाची प्रत मागा आणि नगर रचना कार्यालयाचा शिक्का असलेला लेआउटचा नकाशा मागा. आदेशावरचा खसरा नंबर, तारीख आणि क्षेत्र सातबाऱ्याशी जुळते का ते पाहा. नकाशा तात्पुरत्या मंजुरीचा आहे का अंतिम, हेही विचारा, कारण तात्पुरत्या मंजुरीवर प्लॉट विकून मोकळे झालेले लेआउट आहेत आणि तिथले रस्ते, नाल्या, लाइट कोणीच करून देत नाही.

मग तो नकाशा घेऊन जागेवर जा. खरंच जा, मोबाईलवर फोटो पाहून सोडू नका. नकाशात ९ मीटरचा रस्ता आहे तर तिथं पावलं टाकून पाहा. ओपन स्पेस कोणता ते शोधा आणि आज त्यावर काय आहे ते पाहा, कधी त्याच ओपन स्पेसवर लायनीतलं शेवटचं घर उभं असते.

आता रो हाऊसचा सगळ्यात मोठा घोळ सांगतो. प्लॉट एक, नगरपरिषदेची बांधकाम परवानगी एका बंगल्याची, आणि प्रत्यक्षात त्या प्लॉटवर तीन घरं बांधून तिघांना विकली. बाहेरून पाहून हे समजत नाही. मंजूर बांधकाम नकाशा मागा आणि त्यात तुमचं घर वेगळं दाखवलं आहे का ते पाहा, जिने किती, स्वयंपाकघरं किती ते मोजा. नकाशात एक स्वयंपाकघर आणि जागेवर तीन असतील तर बँक लोन देताना अडवते, उद्या विकताना अडते, आणि मालमत्ता कराच्या नोंदीतही भांडण लागते. तसंच तुमच्या नावानं जमिनीचा नेमका तुकडा मोजमापासहित होणार आहे का सगळ्यांचा मिळून अविभक्त हिस्सा, हे रजिस्ट्रीच्या मसुद्यात साफ लिहिलेलं पाहिजे.

रेराचंही (बिल्डरांच्या प्रोजेक्टवरचा कायदा) पाहा. जागा ५०० चौरस मीटरच्या वर आणि युनिट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची नोंदणी लागतेच, आणि एकच प्रोजेक्ट फेज पाडून सहा-सहा घरांचा दाखवला तरी सगळे फेज मिळून मोजायचे असतात. नोंदणी असेल तर महारेराच्या साइटवर मंजुऱ्या, जागेवरचा बोजा, ताब्याची तारीख सगळं दिसते. आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्याच्या वर पैसे घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

जमीन वारसाहक्काची असेल तर बहिणींच्या सह्या पाहा. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि "बहिणींनी सोडून दिलं" हे तोंडी चालत नाही, नोंदणीकृत हक्कसोड पाहिजे. लेआउटवाल्याकडे फक्त शेतकऱ्याचं मुखत्यारपत्र असेल तर त्या शेतकऱ्याला प्रत्यक्ष भेटा, चहा घ्या त्यांच्याकडे, त्यांचे पैसे पूर्ण मिळाले का ते विचारा, तो माणूस जिवंत आहे का हे सुद्धा त्यातच समजते.

एवढं झालं की वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (जमिनीच्या आधीच्या व्यवहारांचा तपास) काढा. आणि लोन लागत नसेल तरी एखाद्या सरकारी बँकेत हीच फाइल नेऊन विचारा की यावर लोन होते का. बँक नाही म्हणाली तर कारण विचारा आणि ते कारण मिटेपर्यंत पुढे जाऊ नका.

काळी माती

कागद साफ निघाले की आता जमिनीकडे पाहा. पश्चिम विदर्भ आणि वर्ध्याकडे बरीचशी काळी भारी जमीन आहे, कापसाला सोनं पण घराला वैरी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात वाळून आक्रसते आणि मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे दरवर्षी होते आणि वरचं घर दरवर्षी त्यासोबत हलते. पाया काळ्या मातीतच थांबला असेल तर दोन-तीन पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. प्लास्टरच्या बारीक केसासारख्या भेगांनी घाबरायचं कारण नाही, तिरपी आणि एका बाजूला रुंद होत गेलेली भेग दिसली तर मात्र इंजिनियरला आणल्याशिवाय पुढचं बोलू नका.

पाया मुरमापर्यंत नेलेला पाहिजे, किंवा काळी माती फार खोल असेल तर खाली फुगीर असलेले पाइल आणि वरून प्लिंथ म्हणजे जोत्याचा बीम. घर तयार असल्यावर पाया दिसत नाही, मग ओळखायचं कसं? त्याच लेआउटमधे कुठं तरी खड्डे खोदणं चालूच असते, तिथं जाऊन पाहा की काळी माती किती फुटापर्यंत आहे आणि मुरूम कुठं लागला. मग तुमच्या घराच्या मिस्त्रीला विचारा कॉलमचे खड्डे किती खोल होते. मालकाला नाही, मिस्त्रीला, आणि त्याच्यासोबत काम केलेल्या मजुराला. खड्ड्यात मुरूम आठ फुटावर दिसून राहिला आणि मिस्त्री म्हणते पाच फुटावर थांबलो, तर उत्तर तुम्हाला मिळालं.

दुसरी खूण म्हणजे कंपाउंडची भिंत. तिचा पाया सगळ्यात उथळ असते म्हणून माती हलली की आधी तीच बोलते. घराला जिथं कंपाउंड येऊन टेकते तिथं बोट जाईल अशी फट आहे का, गेट लागताना खाली घासते का, समोरच्या ओट्याची पायरी घरापासून सुटली का, हे पाहा. नवीन घर असेल तर त्याच बिल्डरनं तीन-चार वर्षाआधी बांधलेल्या लायनीत जा आणि तिथली कंपाउंड पाहा. तिथल्या माणसांना विचारा, लोक सांगतात, मनापासून सांगतात.

प्लिंथमधली भरती मुरमाची आहे का खोदलेली काळी मातीच परत टाकली, हेही विचारा. काळ्या मातीच्या भरतीवर टाइल्स बसवल्या की फरशी कुठं खचते कुठं उचलते, काठीनं ठोकून पाहा, पोकळ वाजते का. प्लिंथ रस्त्यापासून दोन-अडीच फूट तरी उंच पाहिजे, कारण आज मुरमाचा असलेला रस्ता उद्या सिमेंटचा झाला की वर येते आणि पाणी अंगणात.

लेआउटच्या जागी आधी नाला होता का ते गाव नकाशात पाहा. नदीकाठच्या गावात २०२२ आणि २०२३ च्या जुलैत पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवते.

पाणी

नळ किती दिवसाआड येते आणि किती वेळ, हे दोन प्रश्न लायनीत राहणाऱ्या बाईला विचारा, तिच्याइतकं बरोबर उत्तर कोणाकडे नसते. बोअर आहे का, एप्रिल-मे मधे चालते का. खारपाणपट्ट्यात म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर इकडे बोअरला पाणी लागलं तरी खारं लागते, ते प्यायचं तर सोडाच, त्याच पाण्यानं बांधकाम केलं असेल तर भिंतीला पांढरा लोणा येते आणि प्लास्टर पापुद्रे सोडते. भिंतीच्या खालच्या दोन फुटावर हात फिरवून पाहा, नवीन रंग असला तरी हाताला भुरभुर लागते. पाण्यात फ्लोराइड असलेली गावंही यवतमाळ-चंद्रपूरकडे आहेत, बोअरचं पाणी तपासून घ्या.

सांडपाणी कुठं जाते? सगळ्या लायनीचा एकच सेप्टिक टँक असेल तर तो कोणाच्या अंगणात आहे, उपसायचा खर्च कोण देणार, हे आधीच लिहून घ्या. चांगले शेजारी यावरून बोलणं बंद करतात.

ऊन, कूलर आणि मधलं घर

रो हाऊसमधे कडेच्या घराला तीन बाजू मोकळ्या मिळतात, मधल्या घराला फक्त पुढची आणि मागची. आपल्याकडे हा फरक मे महिन्यात समजते. कूलरशिवाय आपला उन्हाळा निघत नाही आणि कूलर चालायला दोन गोष्टी लागतात, बाहेरची कोरडी हवा ओढायला एक खिडकी आणि आतली दमट हवा जायला दुसरी. मागच्या बाजूला फक्त बाथरूमचं छोटं झरोकं असेल तर हॉलमधे कूलर लावून नुसता चिकचिकाट होते. म्हणून घर पाहताना मनातल्या मनात कूलर ठेवून पाहा, कोणत्या खिडकीत बसणार, स्टँड कुठं उभा राहणार (समोरच गाडी लावायची जागा असेल तर अडचण), प्लगचा पॉइंट जवळ आहे का, पाणी भरायला नळ आहे का का बादल्या वाहायच्या.

घराचं तोंड किंवा बेडरूमची भिंत पश्चिमेला असेल तर दुपारी चार वाजता जाऊन त्या भिंतीला आतून हात लावा. शक्य असलं तर नवतपातच (मे अखेरच्या कडक उन्हात) घर पाहा. वरच्या मजल्यावर नुसता स्लॅब असेल तर उष्णता रोखणाऱ्या कोटिंगचा नाही तर शेडचा खर्च धरून ठेवा.

सामाईक भिंत चार इंची आहे का नऊ इंची ते विचारा. चार इंची असली तर शेजारचा टीव्ही, मिक्सर, रडणारं लेकरू सगळं तुमच्या घरात. गच्चीचं पाणी कोणाच्या बाजूला पडते, शेजाऱ्यानं वर आणखी मजला चढवला तर सामाईक कॉलम तो भार घेतील का, भिंतीत ओल आली तर दुरुस्ती कोणी करायची, हे खरेदीखतात दोन ओळीत लिहून घेता येते. वकील म्हणतील गरज नाही, तरी लिहून घ्या.

शांत गल्ली खरंच शांत आहे का

रविवारी सकाळी अकरा वाजता सगळ्याच गल्ल्या शांत असतात. दिवाळीनंतर कापसाच्या सीझनमधे जा, जवळ जिनिंग असेल तर रात्रीसुद्धा गाड्यांच्या रांगा आणि हवेत रुई, दम्याच्या माणसाला फार त्रास. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलचा कोंडा, वणी-राजुऱ्याकडे कोळशाचे ट्रक. लग्नसराईत रात्री नऊ वाजता जा, दोन गल्ल्या सोडून लॉन असेल तर डीजेनं खिडकीच्या काचा थरथरतात, नियम रात्री १० चा आहे पण पोलिसांना फोन रोज कोण करणार. आठवडी बाजाराच्या दिवशी एक चक्कर मारा. आजूबाजूला रिकामे प्लॉट किती आहेत पाहा, पावसाळ्यात तिथं गाजरगवत, डुकरं आणि साप, घरात लहान लेकरं असतील तर हे मोठं आहे.

लेआउट नगरपरिषदेला हस्तांतरित झालं का? नसेल तर घंटागाडी येत नाही, पथदिवे नाहीत, नाली साफ होत नाही. रात्री आठ वाजता उभं राहून पाहा की खांबावर लाइट लागतात का, आणि लेआउटची स्वतःची डीपी (ट्रान्सफॉर्मर) आहे का दुरून तार ओढली आहे.

आता पैसे

भाव ठरवताना त्याच लेआउटमधे नुकत्याच झालेल्या खरेदीची "सूची दोन" (इंडेक्स टू, झालेल्या रजिस्ट्रीचा उतारा) पाहा, आयजीआरच्या म्हणजे नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मिळते.

बयाना द्यायचा तर इसारपत्र (बयान्याचा लेखी करार) करूनच, आणि ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून समाधान मानू नका, इसारपत्रही रजिस्टर करता येते आणि मोठी रक्कम देत असाल तर कराच. पैसे चेक किंवा बँकेतून. घराच्या व्यवहारात २०,००० आणि त्यावर रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि तुमच्यासाठी त्याहून मोठी गोष्ट ही की रोख दिलेल्याचा पुरावा राहत नाही. इसारपत्रात मुदत, लोन नामंजूर झालं तर बयाना परत, आणि राहिलेली कामं (गेट, टाकी, रंग, मीटर) एकेक करून लिहा.

स्टॅम्प ड्युटी करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दराची) किंमत यात जी जास्त तिच्यावर लागते. दर नगरपरिषद का ग्रामपंचायत त्यावर बदलते, आपल्या भागात पाच-सहा टक्के धरून चाला, पक्का आकडा अर्जनवीसाकडून घ्या. रजिस्ट्रेशन फी १ टक्का, पण ३०,००० च्या वर नाही. खरेदी फक्त बाईच्या नावानं केली तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, २०२१ पासून. पती-पत्नी दोघांच्या नावानं केलं तर ती सूट मिळत नाही. माझं मत विचाराल तर घर तिच्याच नावानं करा, सूट तर आहेच, तिच्या पायाखाली हक्काची जागाही राहते.

घर तयार व्हायचं असेल तर जीएसटी लागते, ४५ लाखापर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला १ टक्का, नाही तर ५. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलं तर जीएसटी नाही. ५० लाख आणि वरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस तुम्हाला कापून भरावा लागते.

रजिस्ट्रीच्या आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि "क" प्रत (मोजणीचा नकाशा) हातात ठेवा. खरेदीखतात चतुःसीमा त्या नकाशाप्रमाणेच लिहा. सही करायच्या दिवशी सकाळी सातबारा परत एकदा काढा, मधल्या काळात नवीन बोजा चढला का ते पाहायला पाचच मिनिटं लागतात.

रजिस्ट्री झाल्यावर

खूप लोक इथं थांबतात आणि मग दहा वर्षांनी धावपळ करतात. फेरफाराची नोंद पटवाऱ्याकडे पडली का ते "आपली चावडी" या साइटवर पाहा, हरकतीची १५ दिवसांची मुदत गेली की ती प्रमाणित होते, झालेला फेरफार आणि नवीन सातबारा काढून घ्या. नगरपरिषदेत कर आकारणीवर नाव चढवा, जुना थकलेला टॅक्स विकणाऱ्याकडून आधीच भरून घ्या. महावितरणचं मीटर तुमच्या नावावर करा, बांधकामाच्या वेळचं तात्पुरतं कनेक्शन चालू असेल तर त्याची थकबाकी आहे का विचारा. नळाचं कनेक्शनही तसंच.

आणि पहिला पावसाळा नीट पाहा. जुलै-ऑगस्टमधे मोठी झड लागली की टॉर्च घेऊन छताचे कोपरे, खिडक्यांच्या खालची बाजू, सामाईक भिंत, बाथरूमच्या मागची भिंत फिरून पाहा, ओल दिसली की तारखेसहित फोटो काढा आणि बिल्डरला लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर तर टाकाच पण रजिस्टर पोस्टानंही पाठवा. रेराच्या प्रोजेक्टमधे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातला दोष त्याला फुकटात दुरुस्त करून द्यावा लागते, कळवल्यापासून ३० दिवसात, म्हणून त्या पोस्टाची पावती खरेदीखताच्या फाइलमधेच लावून ठेवा.